फॉर लूप टाकला म्हणे!

ऐकलंत का? फॉर लूप टाकला म्हणे पोरांनी. लपूनछपून नाही, चांगला चारचौघांत. पन्नास वर्षं ज्याच्या जिवावर ऑपरेटिंग सिस्टिम चालल्या, बँका चालल्या, टेलिफोन एक्स्चेंज चालले, त्या बापड्याला आता कुणी दारात उभं करेना. “अजून लूप लिहिता तुम्ही?” असं विचारतात, आणि विचारताना नाक किंचित वर.

बरं, हे हॅस्केलवाल्यांत चाललं असतं तर मी ब्रसुद्धा काढला नसता. ती मंडळी १९९० पासून तशीच राहतात, त्यांच्यात ते खपतं. पण हे चाललंय सिस्टिम प्रोग्रॅमिंगमध्ये! जिथं भाषा कंपाइल होऊन थेट प्रोसेसरच्या हाती पडते, जिथं एकेका बाइटचा हिशेब द्यावा लागतो, जिथं आमची अख्खी पिढी ‘आय’मध्ये एक मिळवत मिळवत म्हातारी झाली, त्या घरात.

मला बातमी लागली ती कुंभकोणमला. आता कुंभकोणमला मराठी बाई काय करत होती, असं विचारू नका. व्यंकोजीराजे तंजावरला गेले तेव्हापासून आपली माणसं तिकडे आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावात जन्मले. माझ्या बहिणीचं सासर असंच तंजावुरी मराठी. त्यांची मराठी ऐकताना मला निम्मं कळतं, माझी ऐकताना ते गालात हसतात, आणि कॉफी आली की दोन्ही बाजूंना सगळं कळतं. भाचा कॉम्प्युटर शिकतो. सकाळी कॉफी टंबलरमधून डवऱ्यात आणि डवऱ्यातून टंबलरमध्ये ओतत मी सहज त्याच्या लॅपटॉपमध्ये डोकावले. डोकवायला नको होतं.

“मावशी, रस्ट आहे,” तो म्हणाला. जणू एवढ्यानं सगळं माफ.

वाचत गेले. एक फॉर नाही. एक व्हाइल नाही. आय नाही, जे नाही, के नाही. नुसती एकापुढे एक ठिपके देऊन लावलेली लांबलचक रांग: यादी घे, फिल्टर कर, मॅप कर, फोल्ड कर. ज्यांना या भानगडी ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगते. फिल्टर म्हणजे यादीतलं हवं तेवढं ठेवणं. मॅप म्हणजे प्रत्येकावर तेच एक काम करणं. फोल्ड म्हणजे एकेकाला आधीच्या उत्तरात मिसळत जाऊन शेवटी एकच उत्तर उरवणं. मोजणी कुठवर आली, आता कितवं घर, हे कुठंच लिहिलेलं नाही. काय हवं ते सांगायचं, कसं मिळवायचं ते कंपायलर बघून घेईल. आमच्या वेळी असं बोलणाऱ्याला साहेब म्हणत.

आणि ती फंक्शनं! नाव नाही, गाव नाही. गरज पडली तिथंच दोन उभ्या रेघांत आर्ग्युमेंट लिहिलं की झालं फंक्शन. याला क्लोजर म्हणतात, आणि ही बिननावी पोरं आजूबाजूच्या व्हेरिएबलांनाही बरोबर घेऊन हिंडतात. रस्टनं त्यांचे तीन वर्ग पाडलेत. एफएन नुसतं बघणारं. एफएनम्यूट हात लावणारं. आणि तिसरं एफएनवन्स, ज्याला एकदाच बोलावता येतं. दुसऱ्यांदा हाक मारलीत तर कंपायलर दारातच अडवतो, कारण बरोबर नेलेलं सगळं त्यानं पहिल्याच खेपेला उधळलेलं असू शकतं.

पुढचं ऐका. हा मॅप, ज्याचं एवढं कौतुक, तो आळशी आहे. माझं मत नाही, कंपायलर स्वतः लेखी कळवतो. मॅप लावून ठेवलात आणि शेवटी कुणी उत्तर मागितलं नाही, तर तो तसूभर हलत नाही. मागणारा आला की तेवढ्यापुरतं एकेक काम करून देतो. सीमध्ये वाढलेल्या बाईला हे पचायला जड जातं हो. आमच्याकडं लिहिलेली ओळ चालायचीच. कधी कधी न लिहिलेलीसुद्धा चालायची, ती गोष्ट वेगळी.

ही थेरं आली कुठून, म्हणून मी जरा खोलात शिरले, आणि एकेक कुळकथा बाहेर पडू लागली. रस्टचे महिरपी कंस बघून आपल्याला वाटतं, सीच्या घरातलीच. तशी समजूत व्हावी म्हणूनच ते कंस. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये ही भाषा स्वतःच्या हौसेखातर सुरू केली, २००९ मध्ये मोझिलानं पाठबळ दिलं, आणि तिचा पहिला कंपायलर लिहिलेला होता ओकॅमलमध्ये. म्हणजे माहेर थेट एमएलचं! एडिंबरात रॉबिन मिल्नर यांनी सत्तरच्या दशकात वाढवलेलं ते घराणं, फंक्शनल गोतावळ्यातलं, म्हणजे फंक्शनांवरच संसार चालवणारं. तिचं मॅच तिकडचं. तिचं ऑप्शन तिकडचं. ट्रेट हॅस्केलकडून आलेले. १५ मे २०१५ ला पहिली पक्की आवृत्ती निघाली तेव्हा लोकांनी तिला सिस्टिम भाषा म्हणून घरात घेतलं, आणि माहेरची पेटी उघडून कुणी पाहिली नाही.

आणि थोरलीचं काय? सी प्लस प्लसनं २०११ च्या प्रमाणात लॅम्डा घेतले. ठीक, म्हटलं, नवी फॅशन आहे, एखादा दागिना घालू दे. मग २०२० मध्ये रेंजेस आल्या आणि ती उभ्या रेघेनं फिल्टरला ट्रान्सफॉर्म जोडू लागली. २०२३ मध्ये ऑप्शनलला अँड-देन नि ऑर-एल्स येऊन मिळाले. ‘डूम’ आणि ‘क्वेक’ लिहिणारे जॉन कारमॅक, ज्यांच्याइतकं मशीन पिळून काढणारा माणूस मिळायचा नाही, त्यांनीसुद्धा २०१२ मध्ये लांबलचक लेख लिहून सी प्लस प्लसवाल्यांना सांगितलं की जमेल तिथं फंक्शनल पद्धतीनं लिहा. डूमवाले! आता बोला.

पण खरं लफडं त्याहून जुनं आहे. जॉन बॅकस, फॉरट्रानचे जनक. १९५७ मध्ये त्यांच्या चमूनं फॉरट्रान बाहेर आणली आणि ‘या खोक्यात ही किंमत टाक’ असं सांगण्याची, म्हणजे असाइनमेंटची, सवय जगाला लागली. त्याच बॅकसना १९७७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. सत्काराच्या भाषणात माणसानं काय करावं? आभार मानावेत, जुन्या आठवणी सांगाव्यात. यांनी उभं राहून विचारलं, की फॉन नॉयमनच्या धाटणीतून प्रोग्रॅमिंगची सुटका होऊ शकेल का. एकेक शब्द मेमरीतून आणायचा, परत नेऊन ठेवायचा, सगळा विचारच त्या अरुंद बोळात अडकून पडतो, असं त्यांचं म्हणणं. हारतुरे घालायला बोलावलेल्या पाहुण्यानं स्वतःच्याच लेकीची अशी उणीदुणी काढली.

तेव्हापासून हे सोवळ्याचं वेड मूळ धरून आहे. सोवळंच म्हणायचं त्याला, कुंभकोणमात ‘मडी’ म्हणतात. शुद्ध फंक्शन म्हणजे जे दिलेल्या आर्ग्युमेंटांखेरीज कशालाही शिवत नाही आणि उत्तराखेरीज मागं काही ठेवत नाही. तेच दिलंत की तेच मिळणार, आज, उद्या, परवा. बाहेरच्या ग्लोबल व्हेरिएबलला बोट लागलं की विटाळ. कडक सोवळं हॅस्केलचं, तिथं स्क्रीनवर एक अक्षर छापायचं तरी टाइपमध्ये तशी कबुली द्यावी लागते. सिस्टिम भाषांचं मात्र सोयीचं. डी भाषेत प्युअर हा शब्दच आहे, पण त्या सोवळ्यात फंक्शनला हातात दिलेली वस्तू बदलायची मुभा आहे. फक्त घराबाहेरच्या बदलत्या ग्लोबलांना शिवायचं नाही. आणि रस्ट? रस्टमध्येही सुरुवातीला प्युअर होतं. पक्की आवृत्ती निघण्याआधीच गुपचूप काढून टाकलं. हे आमच्या भाच्याला ठाऊक नव्हतं! मी सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“पण मावशी, वेगात काही फरक पडत नाही,” तो सावरत म्हणाला, आणि रस्टचं अधिकृत पुस्तक काढून बसला. त्याचं तेरावं प्रकरण या फंक्शनल गोष्टींवरच आहे. पुस्तकाच्या लेखकांनी ‘शेरलॉक होम्सची साहसं’ हे अख्खं पुस्तक एका स्ट्रिंगमध्ये भरलं आणि त्यात ‘द’ हा शब्द शोधला, एकदा फॉर लूपनं, एकदा इटरेटरांनी, म्हणजे त्या ठिपक्यांच्या रांगेनं. लूपला लागले १,९६,२०,३०० नॅनोसेकंद. इटरेटरांना १,९२,३४,९००. म्हणजे सोवळ्यातली बाई चूल पेटवून, स्वयंपाक करून, वर थोडी आधीच बाहेर आली. फरक नगण्य आहे, दोन्ही सारखेच धरायचे असं पुस्तकही म्हणतं, पण तो आकडा मला रात्रभर टोचत राहिला. आम्ही एवढं आयुष्य त्या ‘आय’ला सांभाळण्यात घालवलं ते कशासाठी?

कारण ऐकलंत तर आणखी चीड येईल. कंपायलर ती मॅप-फिल्टरची सगळी रांग उलगडतो, क्लोजरं जागच्या जागी वितळवतो आणि खाली उतरताना तिथं साधा लूपच उरतो. तोच आपला जुना, बदनाम, एक मिळवणारा लूप! रजिस्टरमधली किंमत पुसायची, नवी लिहायची. उंबऱ्याबाहेर शुद्धतेचा एवढा डांगोरा, आणि माजघरात असाइनमेंटचा राबता.

हे कळल्यावर मी भाच्याला घेऊन सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर गेले. तिथं गणिती रामानुजन यांचं घर आहे. जन्म इरोडचा, १८८७ चा, पण वाढले ते या घरात. २००३ मध्ये शास्त्र विद्यापीठानं ते घेऊन जतन केलं. कौलारू, अरुंद, पुढं ओटा. त्या ओट्यावर मांडी घालून, मांडीवर पाटी घेऊन हा मुलगा तासन्‌तास बसलेला असे.

भाच्याला तिथं न्यायचं कारण गणित. १९११ मध्ये रामानुजन यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात वाचकांना एक कोडं घातलं: √(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …)))) याची किंमत काय? वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात आणखी, न संपणारं. सहा महिने कुणी उत्तर पाठवलं नाही, तेव्हा त्यांनीच दिलं. उत्तर आहे ३. नुसतं ३! पहिल्याच पायरीवर थांबलात तर १.७३२ येतं, दुसरीवर २.२३६, तिसरीवर २.५६०, चौथीवर २.७५५, असं सरकत सरकत ते तीनपाशी जातं.

फंक्शनलवाल्याला असलं काही दिसलं की तोंडाला पाणी सुटतं. हे तर उघड रिकर्शन, फंक्शननं स्वतःलाच बोलवायचं! भाच्यानं ओट्यावरच लॅपटॉप उघडला, चार ओळी लिहिल्या आणि उत्साहाच्या भरात दहा लाख पायऱ्या मागितल्या. प्रोग्रॅम आडवा झाला. स्टॅक ओव्हरफ्लो. अर्धवट राहिलेलं प्रत्येक बोलावणं स्टॅकवर आपली जागा अडवून बसतं, आणि लिनक्सवर मुख्य थ्रेडला सहसा आठ मेगाबाइट मिळतात. बरं, दहा लाखांची गरजही नव्हती. पन्नास-साठ पायऱ्यांत ६४ बिटांच्या अपूर्णांकाला पेलवेल तेवढं अचूक उत्तर हाती येतं. पण उत्साह.

स्कीमसारख्या भाषेत शेवटचं बोलावणं नवी जागा न अडवता होईल अशी हमी असते. रस्टमध्ये तशी हमी नाही. ‘बिकम’ हा शब्द त्यासाठी राखून मात्र ठेवलाय. रेल्वेच्या बाकावर रुमाल टाकावा तसा तो पडून आहे. आणि या कोड्यात तो आला असता तरी उपयोग नव्हता, कारण आतलं उत्तर परत आल्यावर गुणाकार, बेरीज, वर्गमूळ अजून करायचंच असतं.

मग मी म्हटलं, आतून बाहेर ये. सर्वांत आतल्या वर्गमुळापासून सुरुवात कर, आकडे उलटे मोज, हातात एकच किंमत धर आणि तिला फोल्डमधून ने: मोजणीतल्या आकड्यानं गुण, एक मिळव, वर्गमूळ काढ, पुढं सरक. एका ओळीत झालं. स्टॅक जागचा हलला नाही. रिकर्शनचा एवढा देव्हारा माजवायची गरज नसते. बहुतेक वेळा फोल्ड पुरतो, आणि फोल्ड म्हणजे (हळू बोला) संस्कार झालेला फॉर लूपच.

आता पाटी. कागद महाग, म्हणून रामानुजन आकडेमोड पाटीवर करत. फडकं घ्यायला उसंत नसे, कोपरानंच पुसत. पुसून पुसून त्यांचं कोपर काळं नि खरखरीत झालं होतं, असं त्यांच्या ओळखीच्यांनी सांगून ठेवलंय. वहीत उतरायची ती फक्त निष्पत्ती. म्हणजे बघा, आत मांडीवर खोडाखोडीचा धुमाकूळ, आणि बाहेर वहीत एकदा लिहिलं ते कायमचं. ती वही वाचणाऱ्याला पाटीवर काय काय पुसलं गेलं याच्याशी काही कर्तव्य नाही.

या पोरांचं सोवळं नेमकं तेच आहे, आणि हे मला कबूल करावं लागतंय याचाच राग येतोय. रस्टमध्ये व्हेरिएबल मुळातच न बदलणारं असतं. बदलायचं तर आधी म्यूट असं लिहून द्यावं लागतं. पण दिलंत लिहून, की फंक्शनच्या चार भिंतींत हवं ते करा. बाहेरच्याला काही दिसत नसेल तर फंक्शन शुद्धच. वर एक नियम: एखादी वस्तू वाचणारे कितीही असोत, पण कुणी ती बदलत असेल तर त्या वेळी तिथं तो एकटाच. पाटी एका वेळी एकाच मांडीवर. दोन थ्रेडांनी एकाच वेळी तिच्यावर खडू चालवण्याचा घाणेरडा प्रकार, ज्यानं माझ्या उमेदीतल्या कितीतरी रात्री खाल्ल्या, तो सुरक्षित रस्टमध्ये कंपाइलच होत नाही. बॅकसना असाइनमेंटचाच जाच होता. पण जाच असाइनमेंटचा नसतो, ती न सांगता दुसऱ्यानं केली की होतो.

पुसण्याची किंमतही आहे बरं का. रामानुजन यांच्या वह्यांत हजारो निष्पत्ती आणि सिद्धता जवळपास नाहीत, कारण त्या पाटीबरोबर गेल्या. ब्रूस बर्न्ट यांनी त्या एकेक करून सिद्ध केल्याचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले. चालू प्रोग्रॅममधला बग शोधताना मधली किंमत कुठल्या ओळीनं कधी पुसली हे हुडकणाऱ्याची तीच गत होते. न बदलणारी नावं वापरली असतील तर प्रत्येक पायरी जागेवर सापडते. भाच्याचा हा मुद्दा मी कॉफीचा घोट घेऊन गिळला.

पण म्हणून सगळंच माफ नाही हं. अकरा-अकरा दुव्यांची रांग लिहायची आणि मधल्या एकालाही नाव द्यायचं नाही, ही कुठली रीत? दोन महिन्यांनी तिथं काय चाललंय ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. एखाद्या दुव्याचा टाइप चुकला की कंपायलर असा पानभर मजकूर ओकतो की वाचता वाचता कॉफी गार व्हावी. आणि एका वस्तूचा एका वेळी एकच मालक, हा रस्टचा नियम आडवा आला की मुलं सरसकट क्लोन मारत सुटतात. शुद्धता राखायची म्हणून अख्ख्या यादीची प्रत काढायची, आणि वर म्हणायचं आम्ही सिस्टिम प्रोग्रॅमर! दहा हजारांची यादी असेल तर एकवेळ चालेल. दहा कोटींची असेल तर सर्व्हरचं बिल बाप भरणार.

त्यांना हे शिकवतं कोण, याचीही चौकशी केली. चेन्नई मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांनी हॅस्केल शिकवलेलं एनपीटीईएलवर फुकट आहे, कुंभकोणमात बसून बघता येतं. आणि पोटापाण्याचीही सोय होतेय: बंगळुरूच्या जसपेनं ऑनलाइन पैसे वळवणारा हायपरस्विच रस्टमध्ये लिहून सगळ्यांना खुला केलाय. लिनक्सच्या कर्नलमध्येही डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला पाऊल टाकू दिलंय. लिनस टोरवाल्ड्स यांच्या घरात! २००७ मध्ये सी प्लस प्लसचं नाव काढलं तर ते अंगावर धावून आले होते. आता ऑप्शन आणि रिझल्ट त्यांच्या ओसरीवर बसून आहेत.

ऑप्शनवर मात्र माझी मर्जी बसलीय, तेवढं सांगून टाकते. ‘किंमत असेल किंवा नसेल’ हे टाइपमध्येच लिहायचं आणि दोन्हींची तरतूद केल्याखेरीज आतली किंमत हाती द्यायची नाही. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यूमध्ये नल घातलं आणि २००९ मध्ये जाहीर सांगितलं, की ती आपली अब्ज डॉलरची चूक. ती निस्तरणारी गोष्ट फंक्शनल माहेराहून आली असेल, तर येऊ दे. मी ओटी भरीन तिची.

बहिणीनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तुम्ही दोघं भांडताय की एकाच बाजूला आहात?” तेव्हा निकाल लागावा म्हणून मी भाच्याशी पैज लावली. कुंभकोणमचा महामहम बारा वर्षांनी येतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये. तोवर रस्टच्या पक्क्या आवृत्तीत ‘बिकम’ आलं, तर मी एक अख्खा प्रोग्रॅम एकही लूप आणि एकही म्यूट न वापरता लिहायचा. नाही आलं, तर भाच्यानं सीमध्ये दुहेरी लिंक्ड लिस्ट लिहायची, हातानं मॅलॉक, हातानं फ्री, आणि एक बाइटही गळता कामा नये. त्यानं लगेच हात पुढं केला. मॅलॉक म्हणजे काय ते त्यानं नंतर शोधलं.